आवळून पाणी थांबत नाही

घरातला नळ गळू लागला की आपण दोन गोष्टी करतो. आधी खाली बादली ठेवतो आणि मग पाना शोधतो. पाना सापडला की नळ आणखी आवळतो. दोन दिवस बरं वाटतं, तिसऱ्या दिवशी थेंब पुन्हा सुरू. मग आपण आणखी जोर लावतो. मीही बरीच वर्षं हेच करत आलो. शिक्षणानं मी बी.ए. आणि सवयीनं कवी. माझ्या हातात पाना शोभत नाही, असं घरच्यांचं मत आहे. ते खोटं नाही. पण काही वर्षांपूर्वी एका नळानं मला एवढं छळलं, की हा आवळण्याचा प्रकार मुळात आहे तरी काय, हे समजून घेणं भाग पडलं. तेच आज तुम्हांला सांगणार आहे.

आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो. न्हाणीघरातला जुना नळ बदलला आणि सांध्यातून पाणी झिरपू लागलं. प्लंबर आला, नळ काढून पांढरी टेप गुंडाळून पुन्हा बसवून गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा थेंब. तो पुन्हा आला, लांब दांड्याचा पाना घेऊन. या वेळी त्यानं असा जोर लावला की भिंतीतला प्लास्टिकचा एल्बोच तडकला. टाइल फोडली, एल्बो बदलला, नळ बसला. तिसऱ्या खेपेला बाहेर थेंबही दिसेना, आम्ही निर्धास्त झालो.

महिनाभरानं खालच्या काकू वर आल्या. आमच्या न्हाणीघराची भिंत खाली त्यांच्या स्वयंपाकघरात उतरते, आणि त्याच भिंतीला त्यांचा देव्हारा. "भाई, भिंतीला ओल आली आहे, एकदा बघून जाता का?" एवढंच म्हणाल्या. मी गेलो. देव्हारा त्यांनी आधीच समोरच्या भिंतीशी, एका स्टुलावर हलवला होता. जुन्या जागी पोपडे धरलेली भिंत आणि तिच्यावर समईच्या काजळीचा जुना डाग. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पंचवीस वर्षांचा शेजार आहे. आमच्या भिंतीतलं पाणी त्यांच्या देवापर्यंत गेलं होतं आणि मला ते कुठून गेलं हेही माहीत नव्हतं.

त्यानंतर एक म्हातारे फिटर आले. उभा जन्म गिरणीत वाफेच्या नळ्या जोडण्यात गेलेला. त्यांनी पिशवीतून पाना काढलाच नाही. आधी नळ हातानं चाचपला आणि विचारलं, "सर, शेवटी हे तोंड सरळ करायला त्यानं नळ उलटा फिरवला होता का?" मला आठवलं. होय, फिरवला होता. नळाचं तोंड जरा तिरकं राहिलं म्हणून मीच त्याला तसं सांगितलं होतं. "मग तिथंच सांधा सुटला," ते म्हणाले. "दाबून पाणी थांबत नसतं सर. त्याची वाट बुजवावी लागते."

ही वाट कोणती, हे कळायला नळाच्या टोकावरच्या आट्यांकडे नीट पाहावं लागतं. आमच्या घरच्या दखनी बोलीत आट्यांना चुडी म्हणतात. बांगडीसारखे गोल गोल म्हणून. पण बांगडी आपल्यापाशीच पुरी होते, आटा पुरा होत नाही. तो टोकापासून सुरू होतो आणि वळत वळत शेवटपर्यंत एकाच ओळीत जातो. हे नीट लक्षात ठेवा, सगळी गोम तिथंच आहे.

आता एक साधा बोल्ट घ्या आणि त्यावर नट फिरवा. नट बोटांनी गरागरा फिरत या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो, कारण बोल्ट सगळीकडे सारख्याच जाडीचा असतो. पाण्याच्या लोखंडी नळीचं तसं नाही. तिच्यावर सॉकेट फिरवलं तर तीन-चार फेरे हातानं बसतात, मग घट्ट होत जातं आणि पुढे पाना लागतो. याचं कारण नळीचं टोक निमुळतं असतं. लांबीच्या दर १६ मिलिमीटरला व्यास १ मिलिमीटरनं वाढतो. डोळ्यांना हा उतार सहज दिसत नाही, पण काम तो पाचरीचं करतो. बाटलीचं बूच जसं जितकं आत जाईल तितकं घट्ट होतं, तसंच हे. बाहेरचे आटे निमुळते. आतले कधी निमुळते, कधी सरळ. दोन्ही एकमेकांत शिरले की धातूवर धातू दाबला जातो.

या आट्यांचा आकारही कुणीतरी ठरवून दिलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसत नसे. जोसेफ व्हिटवर्थ या इंजिनिअरनं ठिकठिकाणच्या कारखान्यांतले स्क्रू जमवले, त्यांचा मध्य काढला आणि १८४१ साली सगळ्यांसाठी एकच माप सुचवलं. दोन आट्यांमधल्या खाचेचा कोन त्यानं ५५ अंश ठरवला. नळ्यांच्या ब्रिटिश मापातही तोच कोन आला, आणि आपल्याकडचे नळ आजही त्याच मापाचे असतात. अमेरिकेत नळ्यांसाठी ६० अंशांचं माप चालतं. अर्ध्या इंची नळीला दोन्ही मापांत इंचाला १४ आटे असतात. त्यामुळे परदेशातून कुणी हौसेनं आणलेला शॉवर किंवा फिल्टर आपल्या नळीवर दोन-तीन फेरे छान बसतो, आपल्याला वाटतं जमलं. मग अडकतो आणि गळतो. कितीही टेप लावा, दोन कोनांचं भांडण मिटत नाही. त्याला मधे योग्य अ‍ॅडॅप्टरच लागतो.

अर्धा इंच म्हटलं म्हणून सांगतो. दुकानातून अर्ध्या इंची लोखंडी नळी आणून फूटपट्टी लावली तर अर्धा इंच कुठेच सापडत नाही. बाहेरून ती सुमारे २१ मिलिमीटर भरते, म्हणजे पाऊण इंचाहून जास्त. आतून मध्यम जाडीच्या नळीचा व्यास साधारण १६ मिलिमीटर. पूर्वी नळ्यांची भिंत जाड असे, आतलं भोक अर्ध्या इंचाच्या आसपास असे, त्यावरून नाव पडलं. पुढे पातळ भिंतीच्या नळ्या निघाल्या. पण बाहेरचं माप बदललं असतं तर जुने सांधे जुळले नसते. म्हणून बाहेरचं माप तेच ठेवलं आणि आतलं भोक मोठं होऊ दिलं. नाव मात्र जुनंच राहिलं.

आता मूळ प्रश्न. पाचरीसारखं घट्ट बसतं, तर मग गळतं का? कारण आटे एकमेकांना बाजूंनी दाबतात, पण एकाचा माथा दुसऱ्याच्या खाचेच्या तळाला पुरता टेकतोच असं नाही. तिथं केसाएवढी फट राहते. शिवाय आटे पाडताना डायचे ओरखडे उठतात, जस्ताचा लेप कमीजास्त असतो. आणि आटा एकाच ओळीत वळत जातो, म्हणून ती फटही एकाच ओळीत वळत जाते. अर्ध्या इंची सांध्यात पाच-साडेपाच आटे एकमेकांत बसले तर बाहेरून दिसतो तो सेंटिमीटरभराचा सांधा. आत मात्र पाण्याला सुमारे ३५ सेंटिमीटरची गोल वाट मोकळी असते. फूटभराहून लांब बोगदाच म्हणा. गच्चीवरची टाकी सांध्यापासून दहा मीटर उंच असेल तर दर चौरस सेंटिमीटरला एक किलोचा दाब त्या पाण्यावर असतो. पाणी अशा वाटेनं घाई करत नाही, पण थांबतही नाही. आवळल्यानं वाट अरुंद होते. बुजत मात्र नाही. ती बुजवायला काहीतरी मऊ भरावं लागतं.

पूर्वी हे काम सुतळी आणि सफेता करत. माझ्या वयाच्या लोकांना तो सफेत्याचा उग्र वास आठवत असेल. फिटर करवतीच्या पात्यानं आटे जरा खरवडायचा म्हणजे धागा घसरत नसे, मग सुतळीचे तंतू आट्यांतून गुंडाळायचा आणि वर जवसाच्या तेलात मळलेला सफेता फासायचा. पाणी लागलं की तंतू फुगतात आणि फट गच्च भरते. युक्ती उत्तम होती. दोष दोन. नळी फार दिवस कोरडी राहिली की तंतू आक्रसतात. आणि दुसरा दोष गंभीर: अस्सल सफेता म्हणजे शिशाचं संयुग. शिसं शरीरात साठतं आणि लहान मुलांच्या मेंदूला अपाय करतं. म्हणून पिण्याच्या पाण्याच्या नळीला शिशाचा सफेता लावू नये. कुठे जुना डबा शिल्लक असेल तर तो टाकून देण्याच्याच लायकीचा.

आजची पांढरी टेप आली ती एका फसलेल्या प्रयोगातून. १९३८ साली अमेरिकेत रॉय प्लंकेट नावाचा तरुण रसायनशास्त्रज्ञ शीतकपाटासाठी नवा वायू शोधत होता. एके दिवशी वायू भरलेल्या नळकांड्याची झडप उघडली तर आतून काहीच येईना. वजन केलं तर ते भरल्याएवढंच. शेवटी नळकांडं कापलं, तर आत मेणासारखी पांढरी भुकटी. वायूचे रेणू आपसांत जोडले जाऊन ती तयार झाली होती. आम्लात विरघळत नाही, कशालाही चिकटत नाही, विलक्षण गुळगुळीत. पुढे तिला टेफ्लॉन हे नाव मिळालं. अणुबाँबच्या कारखान्यात युरेनियमच्या जहाल वायूसमोर टिकेल असं सांधे भरायचं साहित्य हवं होतं, तिथं ती प्रथम कामी आली. नंतर तव्यावर आली आणि नळाच्या आट्यांवरही.

आपण तिला टेप म्हणतो म्हणून आपली समजूत होते की ती चिकटवते. ती मुळीच चिकटत नाही. तिची दोन कामं. एक, मऊ असल्यानं दाबली जाऊन फटीत भरणं. दुसरं, गुळगुळीत असल्यानं आट्यांना सरकू देणं, म्हणजे तेवढ्याच जोरात नळ आणखी खोल बसतो. ती चिकटवणारी नाही हे एकदा समजलं की आमच्या तीनही चुकांचा उलगडा होतो.

पहिली चूक टेपच्या दिशेची. नळाचं आट्यांचं टोक आपल्या तोंडासमोर धरावं आणि टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं गुंडाळावी. नळ बसवताना ज्या बाजूला फिरतो, त्याच बाजूला टेप ओढली जाते आणि आट्यांवर आणखी घट्ट बसते. उलटी गुंडाळली तर पहिल्याच फेऱ्यात ती उकलते, गोळा होऊन बाहेर येते आणि आटे उघडे पडतात. सांध्याच्या तोंडाशी पांढऱ्या चिंध्या लोंबताना दिसल्या की समजावं, काम उलटं झालं आहे.

गुंडाळण्यापूर्वी आटे जुन्या टेपचे तुकडे, गंज, माती काढून पुसून कोरडे करावेत. टोकाचा पहिला आटा मोकळा सोडावा. नाहीतर टेपचा तुकडा तुटून नळात जातो आणि चकतीखाली अडकतो. टेप जरा ताणून, निम्मी निम्मी एकावर एक येईल अशी गुंडाळावी. अर्ध्या इंची नळाला बहुधा तीन ते पाच वेढे पुरतात. टेप फारच पातळ असेल तर एखाददुसरा जास्त. शेवटी बोटानं दाबून घ्यावी. खालच्या आट्यांचा आकार वर उमटला पाहिजे.

दुसरी चूक जोराची. आधी नळ हातानं बसेल तितका बसवावा, मग पान्यानं एक ते दोन फेरे. बस्स. टेपमुळे नळ सहज फिरतो, म्हणून आपल्याला वाटतं अजून जाईल, अजून जाईल. तो जातोही, कारण तो पाचर आहे. आणि पाचर ठोकत राहिलं की लाकूड फाटतं. लोखंडी एल्बो हे सोसतो. प्लास्टिकच्या एल्बोतले आटे मात्र तडकतात. कधी लगेच, कधी दोन महिन्यांनी, रात्री घर झोपलेलं असताना. म्हणून प्लास्टिकच्या नळीला नळ बसवायचा असेल तिथं पितळी आट्यांचा एल्बोच घ्यावा. चार पैसे जास्त पडतात, पण भिंत फोडण्यापेक्षा स्वस्त.

तिसरी चूक मी स्वतः करवून घेतलेली. नळ पुरता बसल्यावर तोंड तिरकं दिसलं म्हणून तो मागे फिरवायचा नाही. पुढे नेताना टेप दाबली जाऊन खाचांत बसलेली असते. मागे घेतला की पाचर सैल होते, पण दाबलेली टेप रबरासारखी पुन्हा फुगत नाही. वाट उघडते. तोंड सरळ व्हायला पाव फेरा हवा असेल तर तो पुढेच घ्यायचा. पुढे जाणं शक्य नसेल तर नळ पूर्ण काढायचा, आटे साफ करायचे, नवी टेप लावायची. म्हाताऱ्या फिटरनी तेच केलं. एक वेढा कमी-जास्त करून नळ असा बसवला की तोंड आपसूक खाली आलं. मग सांधा फडक्यानं कोरडा केला, त्याभोवती वर्तमानपत्राची घडी दाबून धरली आणि पाणी सोडलं. "डोळ्याला जे दिसत नाही ते कागदाला दिसतं," म्हणाले. कागद कोरडा निघाला. तरीही टाइल त्यांनी दोन दिवस लावू दिली नाही.

जाता जाता आणखी दोन गोष्टी त्यांनी सांगितल्या. बेसिनखालच्या लवचीक नळीच्या नटात रबरी वायसर असतो. तिथले आटे सरळ असतात, पाणी वायसर अडवतो; आटे फक्त त्याला दाबून धरतात. तिथं टेपचे वेढे घालून उपयोग नाही. गळत असेल तर वायसर बदलावा. दुसरी गोष्ट गॅसची. गॅसच्या नळीला वेगळी, जाड टेप किंवा खास लेप लागतो आणि ते काम जाणकारालाच करू द्यावं. गळतीची शंका आली तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे पाहावेत. काडी ओढून कधीही नाही.

एका थेंबासाठी एवढा खटाटोप कशाला, असं कुणी म्हणेल. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर चार लिटरांहून जास्त, वर्षाला दीड हजार लिटरांच्या वर. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं. पहिल्या गाडीत दहा वाघिणी होत्या, पाणी होतं पाच लाख लिटर. साऱ्या महाराष्ट्रानं ती गाडी टीव्हीवर पाहिली. असे सव्वा लाख गळके सांधे एका दिवसात तेवढी एक गाडी रिकामी करतात, आणि ती गाडी कुणाला दिसत नाही.

पाणी वाया जातं एवढंच असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण ज्या वाटेनं पाणी बाहेर जातं, त्याच वाटेनं आतही येतं. आपल्याकडे बहुतेक शहरांत नळाला पाणी दिवसाचे काही तासच असतं. पाणी चालू असताना नळीत दाब असतो, तेव्हा सांध्यातून पाणी बाहेर झिरपतं. पाणी बंद झालं, नळी रिती होऊ लागली, की आत ओढ निर्माण होते आणि भोवतालची ओल त्याच फटीतून आत खेचली जाते. मुख्य वाहिनीपासून आपल्या मीटरपर्यंतची जोडणी कितीदा गटाराला लागून किंवा त्याच्या पोटातून जाते, ते एकदा स्वतः पाहा. तिथला एक सैल सांधा म्हणजे कावीळ, विषमज्वर आणि जुलाबांना उघडा दरवाजा. पाणी आलं की पहिल्या बादलीला वास किंवा गढूळपणा जाणवला तर ती बादली ओतून देऊन विसरू नका. पाणी उकळून प्या, जोडणी तपासून घ्या आणि नगरपालिकेला कळवा. तो सांधा तुमचा असेल, पण आजार गल्लीचा असतो.

काकूंची भिंत वाळायला सगळा पावसाळा गेला. दिवाळीच्या आधी पोपडे काढून तिला रंग दिला, खर्च अर्थातच आम्ही केला. देव्हारा जागेवर लागला त्या दिवशी काकू वाटीभर शिरा घेऊन वर आल्या आणि आधी न्हाणीघरात डोकावल्या. नळाखाली हात फिरवून पाहिला, हात कोरडा निघाला, मग वाटी माझ्या बायकोच्या हातात दिली.

आता माझ्या टेबलाच्या खणात पेनांशेजारी पांढऱ्या टेपचं एक रीळ असतं. पाना कुठे आहे, ते मात्र मला अजूनही शोधावं लागतं.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)